दवाखान्यात एआय आणलंय? पोस्ट टाकायच्या आधी हे करा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका क्लिनिकचे परवाने, फायली आणि इन्स्टाग्राम मी सांभाळते. सॉफ्टवेअरचे पैसे भरले की डॉक्टरांना लगेच वाटतं, लोकांना कळलं पाहिजे. कळू दे की. पण जाहिरातीचा मजकूर सगळ्यात शेवटी लिहायचा आणि तोही कागदपत्रांतून काढायचा.

आधी एक वही घाला. सॉफ्टवेअर कोणतं, कुणाकडून घेतलं, रुग्णाची कोणती माहिती त्यात जाते, ती कुठं साठते, शेवटी सही कोण करतं, एवढं लिहा. एक्स-रे किंवा ईसीजी बघून रोगाचा अंदाज देणारं असेल तर विक्रेत्याकडून वैद्यकीय उपकरण नियम, २०१७ खालचा परवाना मागून घ्या. ‘सर, सगळं ओके आहे’ हा परवाना नव्हे.

मग संमती. आमच्याकडं डॉक्टर-पेशंटचं बोलणं ऐकून केसपेपर लिहिणारं सॉफ्टवेअर आहे. त्यासाठी काउंटरवर मोठ्या अक्षरात हा कागद ठेवलाय: ‘तपासणीतलं बोलणं रेकॉर्ड करून संगणक टिपण तयार करतो. डॉक्टर ते तपासून सही करतात. नको असेल तर सांगा, केसपेपर हातानं लिहू. उपचारात फरक पडणार नाही. दिलेली संमती केव्हाही परत घेता येते.’ खाली सही. १८ वर्षांखालच्या रुग्णासाठी पालकांची. ‘रेकॉर्डिंग कशाला ओ?’ असं विचारणारे भेटतातच. त्यांना समजावत बसू नका, सरळ पेन काढून केसपेपर हातानं लिहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला अशीच मोकळी, नेमक्या कामापुरती संमती लागते. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्यांना १८ महिन्यांची मुदत आहे. माहिती सुरक्षित ठेवण्यात हयगय झाली तर दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो, म्हणून मुदतीकडं बघत बसू नये. रुग्णाचं नाव असलेला रिपोर्ट फुकटच्या चॅटबॉटमध्ये टाकायची सवय तर आजच मोडा.

टिपण डॉक्टरांनी वाचायचंच. कागलच्या एका आजोबांनी ‘गोळी एक दिवसाआड घेतोय’ म्हणून सांगितलं, टिपणात आलं ‘रोज’. डॉक्टरांनी ते खोडलं, दुरुस्त केलं, मग सही केली. रुग्णानं नोंदी मागितल्या तर ७२ तासांत द्याव्या लागतात आणि तीन वर्षं जपाव्या लागतात. तेव्हा बाहेर जाणारा कागद सही झालेलाच हवा.

व्हॉट्सॲपवरच्या बॉटला वेळ, पत्ता, फी एवढंच सांगू द्या. मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन (फोन-व्हिडिओवरून उपचार) मार्गदर्शक सूचनांनुसार एआयला रुग्णाला सल्ला देता येत नाही, औषध लिहून देता येत नाही. डॉक्टरला मदत करता येते. ‘पोटात दुखतंय, काय घेऊ?’ असा मेसेज आला की तो माणसाच्या फोनवर गेला पाहिजे.

आता जाहिरात. डॉक्टरांच्या वागणुकीची २०२३ ची नवी नियमावली आली त्याच महिन्यात स्थगित झाली, त्यामुळे २००२ चे आचारसंहिता नियमच धरून चालायचं. बोर्डावर नाव, पदवी, विशेषज्ञता, नोंदणी क्रमांक आणि राज्य वैद्यकीय परिषदेचं नाव. ‘एआय’ला तिथं जागाच नाही. पेपरात प्रॅक्टिस सुरू केली, पत्ता बदलला, रजेवर गेलो, परत आलो, फी अमुक, अशा मोजक्याच गोष्टी देता येतात. दसऱ्याच्या पुरवणीत ‘एआययुक्त क्लिनिक’ म्हणून अर्धं पान घेणं मला तरी धोक्याचं वाटतं.

राहिली वेबसाइट आणि इन्स्टाग्राम. तिथं माहिती द्या, गिऱ्हाईक ओढू नका. ‘एआयद्वारे १००% अचूक निदान’ काढून टाका आणि लिहा: ‘एक्स-रेची पहिली छाननी सॉफ्टवेअर करते, निदान डॉक्टर करतात.’ ‘कोल्हापुरात प्रथमच’ हे तर सिद्ध कोण करणार? मधुमेह बरा करतो म्हणाल तर १९५४ चा औषधं आणि जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आडवा येतो, आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला २०१९ च्या ग्राहक कायद्यात पहिल्यांदा १० लाखांपर्यंत दंड आहे. पेशंटचा फोटो वापरायचा तर त्याची परवानगी वेगळी घ्या; टिपणासाठी घेतलेली संमतीची सही इथं चालत नाही.

सोनोग्राफीवाल्यांनी जास्तच जपावं. आपल्याच जिल्ह्यातला ‘सायलेंट ऑब्झर्व्हर’चा (सोनोग्राफी मशीनला जोडून तपासण्यांची नोंद ठेवणाऱ्या यंत्राचा) आदेश हायकोर्टानं २०११ मध्ये उचलून धरला होता. एआयच्या पोस्टमध्ये गर्भाच्या लिंगाचा नुसता इशारासुद्धा नको, गमतीतही नको.

पोस्ट टाकायच्या आधी वहीतलं पान शेजारी ठेवून एकेक वाक्य ताडून बघा. वहीत नसलेलं वाक्य खोडा, डॉक्टरांची सही घ्या, तारीख टाकून प्रत फायलीला लावा. सॉफ्टवेअर अपडेट झालं की पुन्हा पहिल्यापासून.