अॅक्युपंक्चरला पहिल्यांदा जाताना

गुडघा, मान किंवा कंबर वर्षभर छळत असली की इंदुरात कोणीतरी हमखास सुचवतं, "एकदा सुया लावून बघा." सुयांची धास्ती बहुतेकांना असते, म्हणून आधी तेच. इंजेक्शनची सुई पोकळ असते, कारण तिच्यातून औषध जायचं असतं. २४ गेजची सुई साधारण ०.५५ मिलिमीटर जाड भरते. अॅक्युपंक्चरची सुई भरीव असते, हातापायांसाठी सहसा ०.२५ मिलिमीटर जाड आणि २५ ते ४० मिलिमीटर लांब. चेहऱ्यासाठी त्याहून बारीक आणि आखूड. लांबी पाहून घाबरू नका, सगळी सुई आत जात नाही. मांडीसारख्या मांसल जागी दोन-तीन सेंटिमीटर, कपाळावर किंवा कानावर काही मिलिमीटरच.

जाण्याआधी

उपाशीपोटी जाऊ नका. पहिल्या भेटीत चक्कर येते ती बहुधा उपाशी, थकलेल्या किंवा घाबरलेल्या माणसाला. चतुर्थी-एकादशीचा किंवा नवरात्राचा कडक उपास असेल तर सरळ तारीख बदलून घ्या. दीड-दोन तास आधी प्लेटभर पोहे खाल्ले तरी पुरे. फक्त एक अडचण आहे. अॅक्युपंक्चर ही चिनी पद्धत, तिच्यात निदानासाठी जीभ पाहतात, आणि जिभेवरचा पिवळा थर म्हणजे शरीरात 'उष्णता' असा अर्थ लावतात. पोह्यांतली हळद, पान, कॉफी, बीट यांनी जीभ रंगते आणि निदानच चुकू शकतं. खाल्ल्यावर नीट चुळा भरा, पण त्या दिवशी जीभ घासू नका. थर खरडून टाकला तर पाहायला काही उरत नाही.

कपडे सैल हवेत, गुडघा आणि कोपर उघडे करता येतील असे. जुने एक्स-रे, एमआरआय, रक्ताचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची यादी बरोबर न्या. पुढच्या गोष्टी विचारल्या नाहीत तरी स्वतःहून सांगा: रक्त पातळ करणारी गोळी (वॉरफरिन, क्लोपिडोग्रेल, अॅस्पिरिन), पेसमेकर, फिट्स, मधुमेहामुळे बधिर झालेली पावलं, निकेलची अॅलर्जी. स्तनाच्या कर्करोगात काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हाताला सुई नको. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर तेही. अंगठा आणि तर्जनी यांमधला 'हगू' आणि आतल्या घोट्याच्या वर चार बोटांवरचा 'सानयिनजियाव' हे बिंदू गरोदरपणात परंपरेनेच टाळतात.

कोणाकडे जायचं

पुष्कळांना वाटतं, ही विद्या सोलापूरच्या डॉ. कोटणीसांनी चीनहून आणली. कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. अॅक्युपंक्चर इथे आणलं ते त्याच पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी, १९५९ मध्ये, कोलकात्याला. भारत सरकारने २००३ मध्ये उपचारपद्धती म्हणून आणि २०१९ मध्ये स्वतंत्र पद्धती म्हणून तिला मान्यता दिली. महाराष्ट्रात यासाठी वेगळा कायदा आणि परिषद आहे, पण तो कायदा मध्य प्रदेशात लागू होत नाही. म्हणून नावापुढच्या पाटीवर न थांबता विचारा: मूळ पदवी कोणती, अॅक्युपंक्चर किती काळ आणि कुठे शिकलात, प्रत्यक्ष रुग्णांवर हात किती बसला आहे? दोन-चार दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र पुरेसं नाही. अॅक्युप्रेशर म्हणजे दाब, तिथे सुया नसतात. फिजिओथेरपिस्ट करतात ते 'ड्राय नीडलिंग' स्नायूतल्या गाठीवर चालतं, तिथे नाडी-जीभ पाहत नाहीत.

खोलीत गेल्यावर दोन गोष्टी डोळ्यांनी पाहा. सुईचं पाकीट तुमच्यासमोर फोडलं पाहिजे, त्यावर निर्जंतुक, एकदाच वापरायची आणि मुदत असं छापलेलं हवं. वापरलेली सुई पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात गेली पाहिजे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमात तीक्ष्ण वस्तूंसाठी हाच रंग आहे. "तुमच्याच सुया उकळून ठेवतो, पुढच्या वेळी वापरू," असं कोणी म्हटलं तर उठून या.

निदानाची भाषा

पहिली भेट तासभर चालते. झोप, भूक, शौच, पाळी, घाम, तहान असं सगळं विचारतात. दोन्ही मनगटांची नाडी तीन-तीन बोटांनी पाहतात, हे आपल्याला वैद्यांमुळे ओळखीचं आहे. पण चिनी पद्धतीतली पाच तत्त्वं म्हणजे आपली पंचमहाभूतं नव्हेत. ती लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी. अवयवांच्या नावांनी तर हटकून गोंधळ होतो. 'प्लीहा कमजोर आहे' हे ऐकून सोनोग्राफीला धावू नका, त्याचा अर्थ साधारण पचन मंद आणि अंगात जडपणा असा असतो. 'किडनीची ऊर्जा कमी' म्हणजे क्रिएटिनिन (रक्ततपासणीतलं किडनीच्या कामाचं माप) वाढलंय असं नाही. उलटही तितकंच खरं: नाडी चांगली म्हणाले म्हणून क्रिएटिनिन तपासायचं सोडू नये.

या पद्धतीत शरीरातून ऊर्जा वाहते असं मानतात. तिच्या बारा जोड्यांच्या आणि मधल्या दोन अशा चौदा वाहिन्यांवर ३६१ बिंदू मानलेले आहेत. शवविच्छेदनात या वाहिन्या सापडत नाहीत. तो शरीराचा जुना नकाशा आहे, असं समजून चाला. बिंदूचं माप 'छुन', म्हणजे रुग्णाच्याच अंगठ्याची रुंदी. जोडलेली चार बोटं म्हणजे तीन छुन. गुडघ्याच्या वाटीखाली बाहेरच्या बाजूला खळगा असतो, तिथून चार बोटं खाली आणि नडगीच्या कडेपासून एक बोट बाहेर 'झूसानली'. पचनाच्या आणि पायाच्या तक्रारींसाठी हा बिंदू फार वापरतात. घरी नुसतं अंगठ्याने दाबून पाहायला हरकत नाही, सुई मात्र घरी नाही.

सुया लावताना

पहिल्या वेळी झोपूनच घ्या, बसून नको. टोचताना डास चावल्यासारखं होतं. मग आत जडपणा, मंद कळ किंवा मुंग्या पसरल्यासारखं वाटतं. त्याला 'दे-ची' म्हणतात आणि ते अपेक्षित आहे. वीज चमकल्यासारखी सणक किंवा जळजळ अपेक्षित नाही. ती आली की लगेच सांगा, सुई थोडी मागे घेतात. सहन करण्यात शहाणपण नाही. २० ते ३० मिनिटं हलू नका. अचानक हललात तर स्नायू आवळून सुई अडकते. अशा वेळी ओढाओढी न करता दोन मिनिटं थांबलं आणि आजूबाजूला हलकं चोळलं की ती सुटते. सुयांची गणती लावताना आणि काढताना जुळली पाहिजे. केसांत आणि कानामागे राहून गेलेली सुई घरी उशीवर सापडते.

कधीकधी सुयांना क्लिप लावून सौम्य वीज देतात. पेसमेकर असेल तर ती नको. कपिंगचे (कातडीवर पेले चिकटवून ती आत ओढतात, त्याचे) जांभळे डाग हे त्वचेखाली साकळलेलं रक्त आहे, ते 'विष' नव्हे. आठवडा-दहा दिवसांत जातात. मोक्सा म्हणजे आपल्या दवण्याच्या कुळातल्या पाल्याची पेटवलेली कांडी, ती कातडीपासून दोन-तीन सेंटिमीटर दूर धरतात. पावलं बधिर असतील तर मोक्सा नाकारा, भाजलेलं कळणारच नाही.

नंतर पंधरा-वीस मिनिटं तिथेच बसा, पाणी प्या, मग स्कूटरला हात लावा. थोडं काळंनिळं होणं, दिवसभर सुस्ती येणं चालतं. पण खांद्यावर, मानेच्या मुळाशी किंवा पाठीत सुया लावल्यावर काही तासांत, अगदी दुसऱ्या दिवशीही, छातीत कळ आली किंवा दम लागला तर वाट पाहू नका. सुई फुप्फुसाला लागल्याची शक्यता असते. हे क्वचितच घडतं, तरी थेट इंदुरातल्या एम. वाय. या सरकारी रुग्णालयाच्या किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या तातडी विभागात जा आणि सुई कुठे लावली होती ते आधी सांगा.

चिनी औषधं

सुयांपेक्षा इथे जास्त सावध राहा. मलेरियावरचं आर्टेमिसिनिन चिनी वनस्पतीतूनच आलं, तू यूयू यांना त्यासाठी २०१५ चं नोबेल मिळालं. पण अॅरिस्टोलोकिक आम्ल असलेल्या चिनी वनस्पतींनी बेल्जियममध्ये कित्येकांच्या किडन्या निकामी झाल्या, हेही त्याच वनस्पतींच्या जगातलं आहे. दानशेन आणि दांगग्वे ही चिनी औषधी मुळं वॉरफरिनबरोबर रक्तस्राव वाढवतात, माहुआंग ही वनस्पती आणि फार दिवस घेतलेलं ज्येष्ठमध रक्तदाब वाढवतं. घटकांची नावं नसलेली पुडी घेऊ नका. आणि डॉक्टरांनी दिलेली बीपीची, साखरेची किंवा थायरॉइडची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका.

किती भेटी

जुनी कंबरदुखी, मानदुखी, गुडघ्याची झीज, अर्धशिशी यांत आराम पडतो असं चाचण्यांत दिसलं आहे, मात्र खोट्या सुयांशी (खऱ्या उपचाराचा नुसता भास देणाऱ्या) तुलना केली की फरक लहान निघतो. आठवड्याला एक-दोन अशा सहा ते दहा भेटी धरा. सुरुवातीलाच वहीत लिहा: दुखणं दहापैकी किती, जिना किती पायऱ्या चढला की थांबावं लागतं, रात्री किती वेळा जाग येते, वेदनेची गोळी आठवड्यातून किती वेळा. सहाव्या भेटीनंतर तेच पुन्हा लिहा. आकडे हलले नसतील तर पॅकेजचे पुढचे पैसे भरू नका. लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, पायातली ताकद अचानक जाणं, ताप आणि पाठदुखी एकत्र, कारण नसताना वजन उतरणं, यांतलं काही असेल तर सुया नंतर, आधी डॉक्टरकडे.