जाळ्याच्या सुतातली साखळी कशी मोजायची

मी रत्नागिरीला फिजिक्स शिकवते. पॉलिमरची, म्हणजे एकाच घटकाच्या लांब साखळ्यांनी बनलेल्या पदार्थाची, रचना क्ष-किरणांनी काढायला शिकवायची असली, की मिरकरवाड्याच्या बंदरावरून तीन सुतं आणते: ट्रॉलच्या जाळ्याचं एचडीपीईचं (जास्त घनतेच्या पॉलिथिनचं) सूत, पॉलिप्रॉपिलीनच्या दोरीचा पदर आणि नायलॉनची तंगूस. तिन्ही आधी समुद्राच्या पाण्यात टाका. तंगूस बुडते, बाकीची दोन तरंगतात. त्या दोघांतला फरक मात्र पाणी सांगणार नाही.

मग सुतं गोड्या पाण्यात रात्रभर भिजवा, तीनदा खळबळा, सावलीत वाळवा. हे टाळू नका. पहिल्या वर्षी मी बंदरावरचं सूत तसंच मुंबईला क्ष-किरणांच्या यंत्रापाशी नेलं होतं. क्ष-किरणांच्या फोटोत एक सुबक, पूर्ण गोल कडं आलं आणि त्याचा अर्थ लावण्यात अख्खा दिवस गेला. ते मीठ होतं. मिठाचे कण वाटेल तसे पडलेले असतात, म्हणून त्यांचं पूर्ण कडं उमटतं. ओढून काढलेल्या धाग्यात साखळ्या धाग्याच्याच दिशेनं लागलेल्या असतात, म्हणून त्याचे ठिपके किंवा तुटक कमानी येतात. कडं दिसलं की आधी स्वच्छतेवर संशय घ्या.

पिळलेलं सूत उलगडा. केस विंचरावेत तसे तंतू सरळ करून साधारण एक मिलिमीटर जाडीची जुडी बांधा. चिकटपट्टी फक्त दोन टोकांना, किरण जातो तिथे नको. जुडी ताठ उभी लावा. क्ष-किरणांची नळी तांब्याच्या लक्ष्याची, म्हणजे तरंगलांबी १.५४१८ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). सूत ते सपाट फिल्म हे अंतर ५० मिलिमीटर धरू. यंत्र तिथल्या प्रशिक्षित माणसालाच चालवू द्या.

आता फोटो. मधोमध आडव्या रेषेवर ठिपके आणि तिच्या वर-खाली वाकड्या थररेषा. मला सगळ्यात जास्त आवडते ती ही जागा, कारण इथे साधी पट्टी पुरते. वरच्या आणि खालच्या पहिल्या थररेषेतलं अंतर उभ्या मध्यरेषेवर मोजा आणि निम्मं करा (मधला बिंदू किरणरोधकाखाली झाकलेला असतो). मध्यरेषेवर ठिपका नसेल तर वक्र तिथवर पेन्सिलीनं वाढवा. या निम्म्या अंतराला ५० नं भागलं की कोनाचा टॅन्जंट मिळतो. तरंगलांबीला त्या कोनाच्या साइननं भागा: साखळी किती अंतरावर स्वतःची पुनरावृत्ती करते ते हातात येतं.

पॉलिथिनला अंतर साधारण ३८ मिलिमीटर येतं, म्हणजे २.५४ अँगस्ट्रॉम. कार्बन-कार्बन बंध १.५३ आणि कोन ११२ अंश धरून सपाट नागमोडी साखळी काढून बघा, दोन बंधांची लांबी तेवढीच भरते. पॉलिप्रॉपिलीनला १२ मिलिमीटर, म्हणजे ६.५ अँगस्ट्रॉम, तिथे साखळी मळसूत्रासारखी फिरते, तीन घटकांना एक वेढा. तंगुशीच्या रेषा जेमतेम साडेचार मिलिमीटरवर, म्हणजे सुमारे १७ अँगस्ट्रॉम. पाण्यात न सुटलेला प्रश्न पट्टीनं सुटला.

पुढचं पॉलिथिनवरच करू. आडव्या रेषेवर मध्यापासून २० आणि २२ मिलिमीटरवर दोन ठळक ठिपके असतात. त्यांना ११० आणि २०० (स्फटिकातल्या प्रतलांचे क्रमांक) मानलं तर कोष्ठिकेच्या, म्हणजे स्फटिकात पुन्हापुन्हा येणाऱ्या लहानशा चौकटीच्या, बाजू ७.४० आणि ४.९३ अँगस्ट्रॉम येतात. हा अंदाजच आहे, म्हणून तपासा: मग ०२० चा ठिपका ३७ मिलिमीटरच्या आसपास दिसायला हवा. नसेल तर क्रमांक बदला.

सुताची घनता ०.९५ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर घेऊन कोष्ठिकेत किती सीएच-टू (एक कार्बन, दोन हायड्रोजन) बसतात ते काढा. उत्तर ३.८ येतं. अपूर्णांक शक्य नाही, म्हणून ४, प्रत्येक साखळीचे दोन, म्हणजे दोन साखळ्या. स्फटिकाची घनता १.०० च्या आसपास असते. सुतात विस्कळीत भागही असतो, म्हणून आकडा कमी पडतो.

साखळ्या एकमेकींशी कशा कलून बसतात हे ठिपक्यांच्या जागा सांगत नाहीत, तीव्रता सांगते. पण फिल्मवर तरंगांची कला (फेज) उमटत नाही, त्यामुळे तीव्रतेवरून थेट उलटं जाता येत नाही. मॉडेलमधल्या साखळ्या पाच-पाच अंशांनी फिरवत प्रत्येक वेळी तीव्रता गणायची आणि फोटोशी ताडून बघायची. ब्रिटिश स्फटिकशास्त्रज्ञ सी. डब्ल्यू. बन यांनी १९३९ मध्ये पॉलिथिनची रचना मांडली, तेव्हा ही आकडेमोड हातानंच करावी लागे. मुलांकडून मी निदान दोन कोनांसाठी तरी ती वहीत करून घेते, मगच संगणक उघडू देते.