सबडोमेन भलतीकडेच उघडतंय? या चुका टाळा

सदाशिव पेठेतल्या एका स्पर्धा परीक्षा क्लासचा सर्व्हर मी सांभाळतो. सराव परीक्षांचं 'टेस्ट' हे सबडोमेन, म्हणजे मुख्य डोमेनच्या आधी जोडलेलं नाव, आम्ही नव्या सर्व्हरवर हलवलं. क्लासच्या वायफायवर सगळं नीट उघडलं. अभ्यासिकेतल्या मुलांच्या मोबाइलवर मात्र जुन्या सर्व्हरवरचे गेल्या वर्षीचे पेपर दिसत होते. परीक्षेला तासभर उरला होता. घाईघाईत मी एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या सेटिंगची फाइल तीनदा बदलली, आणि चूक त्या फाइलीत नव्हतीच.

ती डीएनएसमध्ये, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेत होती. ए रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही४ चा पत्ता, मी बदलला होता, पण त्याच नावाचा जुना क्वाड-ए रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही६ चा पत्ता, तसाच राहिला होता. क्लासच्या ब्रॉडबँडला फक्त आयपीव्ही४ होतं, मोबाइलच्या नेटला आयपीव्ही६. दोन्ही पत्ते मिळाले की ब्राउझर सहसा आयपीव्ही६ ला आधी पसंती देतो. म्हणून सर्व्हर हलवताना दोन्ही रेकॉर्ड तपासा. क्वाड-ए ठेवायचा असेल तर तो नव्या सर्व्हरचाच हवा, आणि कुठे ऐकायचं ते सांगणाऱ्या एनजिनएक्सच्या 'लिसन' ओळीत आयपीव्ही६ चीही नोंद हवी. हे राहिलं तर एचटीटीपीएसचं (सुरक्षित जोडणीचं) सर्टिफिकेटही अडू शकतं, कारण क्वाड-ए असेल तर ते सर्टिफिकेट देणारं लेट्स एन्क्रिप्ट पडताळणीसाठी आधी त्याच पत्त्यावर जातं.

त्या दिवसापासून मी आधी डीएनएसचं उत्तर बघतो आणि मगच फाइल उघडतो. पुण्यातल्या जुन्या वाड्यासारखंच आहे हे. डीएनएस पाहुण्याला वाड्याच्या दिंडी दरवाजापर्यंत आणून सोडतो. आत बिऱ्हाडं अनेक. कुणाकडे जायचं ते वेब सर्व्हर पाहुण्याने सांगितलेल्या नावावरून ठरवतो. पाहुणा दुसऱ्याच वाड्यात गेला असेल तर आपल्या दारावरची पाटी कितीही वेळा रंगवून काय उपयोग?

डीएनएसमधली सगळ्यात वेळखाऊ चूक म्हणजे चुकीच्या ठिकाणी रेकॉर्ड भरणं. डोमेन एकीकडून घेतलेलं असतं, नेमसर्व्हर, म्हणजे डीएनएसची उत्तरं देणारे सर्व्हर, दुसरीकडचे असतात. डोमेन जिथून घेतलं तिथल्या पॅनेलमध्ये रेकॉर्ड भरताही येतो, पण तो कुणी विचारतच नाही. म्हणून 'डिग' ही डीएनएसला विचारणारी कमांड वापरून आधी एनएस रेकॉर्ड, म्हणजे नेमसर्व्हरची नावं, बघा, मग त्याच नेमसर्व्हरला थेट सबडोमेनचा पत्ता विचारा. तिथे उत्तर बरोबर आणि तुमच्याकडे चूक असेल, तर जुनं उत्तर कॅशेत (तात्पुरत्या साठ्यात) आहे. टीटीएल, म्हणजे उत्तर साठवून ठेवायची मुदत, संपेपर्यंत थांबा. सर्व्हर हलवायच्या आदल्या दिवशीच टीटीएल ३०० सेकंदांवर आणून ठेवलेला बरा. आणि रेकॉर्ड भरण्याआधी सबडोमेन उघडून बघू नका. 'असं नाव नाही' हे उत्तरही कॅशेत बसतं. किती वेळ, ते झोनचा (डोमेनच्या सगळ्या नोंदींच्या संचाचा) एसओए रेकॉर्ड ठरवतो.

झोन फाइल हाताने लिहीत असाल तर पूर्ण नावाच्या शेवटी टिंब द्या, नाहीतर डोमेन दोनदा जोडलं जातं.

आता बिऱ्हाडांकडे. नाव कुठल्याच सर्व्हर ब्लॉकशी, म्हणजे सेटिंगमधल्या एकेका साइटच्या भागाशी, जुळलं नाही तर एनजिनएक्स चूक दाखवत नाही. 'डिफॉल्ट सर्व्हर' ठरवलेला नसेल तर त्या पोर्टवरचा पहिला ब्लॉक उघडतो. उबंटूवर साइट्स-एनेबल्ड या चालू साइट्सच्या फोल्डरमधल्या फाइली अकारविल्हे वाचल्या जातात, म्हणून 'टेस्ट'ऐवजी 'ब्लॉग' समोर येतो. अशा वेळी एनजिनएक्सच्या कमांडला मोठ्या टीचा पर्याय देऊन चालू फाइलींमधलं सगळं कॉन्फिगरेशन छापून घ्या. तुमचा ब्लॉक त्यात नसेल तर साइट्स-एनेबल्डमधली लिंक राहिली आहे. असेल तर सर्व्हर नेममधलं स्पेलिंग बघा, आणि बदलानंतर रीलोड केलं होतं का तेही. अपाचे या दुसऱ्या वेब सर्व्हरवर अपाचेकंट्रोलचा मोठ्या एसचा पर्याय साइट्सची यादी दाखवतो. मी प्रत्येक एनजिनएक्सवर ४४४ हा कोड परत करणारा एक डिफॉल्ट ब्लॉक ठेवतो. नाव जुळलं नाही की जोडणी बंद. भलतं पान दिसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

८० (साध्या एचटीटीपी) पोर्टवर ब्लॉक आहे आणि ४४३ (एचटीटीपीएस) पोर्टवर नाही, असं झालं की दुसऱ्याच साइटचं सर्टिफिकेट पुढे येतं आणि ब्राउझर धोक्याचा इशारा देतो. वाइल्डकार्ड, म्हणजे तारांकन वापरून सगळ्या सबडोमेनांसाठी घेतलेलं, सर्टिफिकेट एकच पातळी झाकतं: 'टेस्ट' चालेल, 'टेस्ट'च्या आतलं 'मॉक' चालणार नाही. डीएनएसमधला वाइल्डकार्ड मात्र, मधल्या नावाला स्वतःचा रेकॉर्ड नसेल तर, आतल्या पातळ्यांनाही लागू होतो, त्यामुळे पत्ता मिळतो आणि सर्टिफिकेट फसतं. शिवाय एखाद्या नावाला नुसता टीएक्सटी (मजकुराचा) रेकॉर्ड असला तरी त्या नावाला आणि त्याच्या आतल्या नावांना डीएनएसचा वाइल्डकार्ड लागू होत नाही. लेट्स एन्क्रिप्टकडे पुन्हा पुन्हा प्रयत्न करू नका. एका नावासाठी तासाला पाच पडताळण्या फसल्या की थांबावं लागतं. आधी सर्टबॉट या सर्टिफिकेट मिळवणाऱ्या प्रोग्रामचा 'ड्राय रन', म्हणजे रंगीत तालीम, करा.

नवा सर्व्हर डीएनएस बदलण्याआधीच तपासायचा असेल तर 'कर्ल' या कमांडचा 'रिझॉल्व्ह' पर्याय वापरा. लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलीत पत्ता लिहूनही जमतं, पण तपासणी झाली की ती ओळ लगेच काढा. ती राहिली तर पुढच्या वेळी 'माझ्याकडे तर उघडतंय' असं तुम्ही सांगाल, आणि तेव्हा मुलांच्या मोबाइलवर काहीच उघडत नसेल.