ऑर्लिकॉन २० मिमी तोफेचं मॉडेल करताय? या चुका टाळा

दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या युद्धनौकांवर ही विमानविरोधी तोफ हजारोंनी बसली. मूळ नळी १४०० मिमी लांब, म्हणजे १:३५ मापात जेमतेम ४० मिमी. एवढ्या लहान कामात रंग चुकला तर दुरुस्त होतो, तोफेची ढब चुकली की संपलं.

सर्रास होणारी चूक म्हणजे नळी आभाळाकडे आणि तोफ ज्यावर उभी असते तो खांब मात्र खाली बसलेला. तोफ फिरवायला मोटर नव्हती. गनर मागच्या खांदेटेकूंत खांदे अडकवून, पट्टा बांधून, अंगाच्या जोरावर ती वळवायचा. नळी वर गेली की खांदेटेकू खाली येतात आणि त्याला उकिडवं बसावं लागतं. म्हणूनच अमेरिकी मार्क ४ माउंटला (तोफेच्या बैठकीला) हातचाक होतं. शेजारचा माणूस ते फिरवून खांब चढवायचा. तेव्हा नळी ६० अंशांवर रोखायची असेल तर खांब वर काढा. मार्क १० माउंटचा खांब एकाच उंचीचा असतो, त्यावर हे हातचाक लावू नका.

दुसरी चूक, नळी मागेपुढे सरकणारी करायची. बोफोर्स ४० मिमीची नळी धक्क्याने मागे येते, ऑर्लिकॉनची येत नाही. इथे जड बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा लोखंडी ठोकळा) मागे जातो आणि नळीच्या बुडाभोवतीची स्प्रिंग त्याला पुढे आणते. नळी पक्की चिकटवा आणि कष्ट स्प्रिंगवर घ्या. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून ३६ गेजची तांब्याची तार आणा, १.५ मिमीच्या पितळी नळीवर वेढ्याला वेढा लावून गुंडाळा, मग हलकेच ताणा. वेढ्यांमध्ये फट दिसली पाहिजे, नाहीतर ती स्प्रिंग न वाटता स्क्रूचे आटे वाटतात.

नळीच्या टोकाला काळा ठिपका देऊन भागवू नका. २० गेजच्या इंजेक्शनच्या नव्या सुईचं भोक ०.६ मिमी असतं आणि आपल्याला हवं ०.५७ (२० मिमी भागिले ३५). सुई पक्कडीने तोडली तर तोंड चपटं होतं. आत बारीक तार घाला, त्रिकोणी कानशीने सभोवती खाच पाडा, मग मोडा. टोकदार भाग आधी काढून टाका.

तोफेपुढची ढाल १ मिमीच्या शीटची केली तर मूळ मापात ती ३५ मिमीचा पत्रा होते. खरी साधारण अर्धा इंच जाडीची, म्हणून ०.४ मिमी शीट घ्या.

बडोद्याची हवा इथे फार छळते. सुपरग्लू हवेतल्या ओलाव्यानेच घट्ट होतो, त्यामुळे जुलैत सांध्यांभोवती पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. थेंब कमी घ्या, पंखा चालू ठेवा. बाटली फ्रीजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढून तासाभराने उघडा, लगेच उघडली तर आत दव धरतं. मे महिन्यात दुपारी गच्चीवर स्प्रे मारला तर रंग हवेतच सुकतो आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. सकाळी आठच्या आत उरका. पितळेवर आधी मेटल प्रायमर मारा, नाहीतर मास्किंग टेपबरोबर रंगही निघून येतो.

गंज मात्र आवरा. या तोफेच्या काडतुसांनासुद्धा ग्रीस लावायचे, नळीवर तांबड्या गंजाचे ओघळ सोडण्यात अर्थ नाही. काळपट करड्या रंगावर पेन्सिलीच्या शिशाची पूड बोटाने घासा. ६० काडतुसांचा ड्रम वरच्या बाजूला बसतो. तो सगळ्यात शेवटी चिकटवा, आधी लावला तर मागची साइट (नेम धरायचा भाग) बसवायला चिमटा जात नाही.