मुक्कामाच्या रात्री मोजा, पण कारणही लिहा

एंडोस्कोपी युनिटमध्ये नव्याने रुजू झालात की कॉम्प्लिकेशनचं रजिस्टर बहुधा तुमच्याकडेच येतं. ज्युनिअरचं काम म्हणून ते उरकू नका. किती पेशंटना आपल्या हातून त्रास झाला, हे त्यातूनच कळतं.

त्रास किती गंभीर याची ग्रेड कशावरून ठरते ते आधी समजून घ्या. 1991 मध्ये पीटर कॉटन आणि सहकाऱ्यांनी ईआरसीपीसाठी (तोंडातून स्कोप घालून पित्तनळी आणि स्वादुपिंडाच्या नळीवर करायची प्रोसिजर) दिलेल्या वर्गवारीत हॉस्पिटलातल्या मुक्कामाला फार वजन आहे. पॅन्क्रियाटायटिसमुळे, म्हणजे स्वादुपिंडाच्या सुजेमुळे, भरती 2-3 दिवसांपर्यंत लांबली तर माइल्ड, 4 ते 10 दिवस मॉडरेट, त्यापुढे सिव्हिअर. एंडोस्कोपीसाठीची 2022 ची ‘ॲग्री’ वर्गवारी सर्जरीतल्या क्लेव्हियन-डिंडो वर्गवारीवर बेतलेली आहे. तिथे मुख्यतः पेशंटवर काय उपचार करावे लागले ते बघतात: औषध, रक्त, पुन्हा स्कोप, ऑपरेशन, आयसीयू.

नाशिकमध्ये हा फरक फार जाणवतो. सुरगाण्याचा पेशंट दुपारी बरा असतो, पण घर लांब, गावात रात्री डॉक्टर नाही, म्हणून त्याला आणखी एक रात्र ठेवून घेतात. तितकंच दुखणं असलेला पंचवटीतला माणूस संध्याकाळी रिक्षाने घरी जातो. नुसत्या रात्री मोजल्या तर सुरगाण्याचा आजार मोठा ठरतो. म्हणून मुक्काम आणि मुक्कामाचं कारण यांना वेगळे रकाने ठेवा. आधी घडलं ते लिहा, ग्रेड नंतर द्या.

खरी मेहनत आहे ती डिस्चार्जनंतरच्या फोनची. ईआरसीपीत पित्तनळीचं तोंड कापल्यावर रक्तस्राव काही दिवसांनीही होऊ शकतो, आणि तोवर पेशंट गावी गेलेला असतो. “काही त्रास?” विचारलं की “नाही, बरंय” एवढंच उत्तर येतं. त्यापेक्षा विचारा, “ताई, शी डांबरासारखी काळी झाली का? चक्कर आली? गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावली का?” मग सगळं बाहेर येतं.

एकूण प्रोसिजर मोजताना अर्धवट सोडलेल्याही धरा, नाहीतर टक्केवारीला अर्थ नाही.

द्राक्षतोडणीच्या दिवसांत निफाड-दिंडोरीकडचे लोक सकाळी फोन उचलत नाहीत, संध्याकाळी करा. घरच्या आणखी एकाचा नंबर भरतीच्या वेळीच घ्या. आणि फोन लागलाच नाही तर ‘त्रास नाही’ लिहू नका, ‘संपर्क झाला नाही’ असं लिहा.