सड्यावर सार्वजनिक उद्यान करण्यापूर्वी: संकटग्रस्त जातींच्या अधिवासाची पाहणी कशी करावी

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील एखाद्या गावाला सार्वजनिक उद्यान हवे असले, की पहिली नजर बहुधा सड्याकडे, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठाराकडे, जाते. जागा सलग आणि मोकळी असते, सातबाऱ्यावर पोटखराबा किंवा गुरचरण अशी नोंद असते, शेती बुडत नाही आणि कोणाचे घरही हलवावे लागत नाही. एप्रिल-मे महिन्यात पाहिले तर तापलेल्या काळ्या जांभ्याशिवाय तेथे काहीच दिसत नाही, आणि शासनाच्या दप्तरातही अशा जमिनीची गणना खडकाळ ओसाड म्हणूनच होते. याच कातळावर पावसाळ्याच्या चार महिन्यांत अशा वनस्पती आणि असे प्राणी जगतात, की ज्यांतील काही कोकण आणि सह्याद्रीच्या सड्यांबाहेर जगात कोठेही सापडत नाहीत. म्हणून उद्यानाचा आराखडा कागदावर उतरण्याच्या आधी त्या जागेची पाहणी व्हायला हवी.

ही पाहणी कोणी सक्तीने करवून घेईल, अशी अपेक्षा ठेवू नये. 2006 च्या पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन अधिसूचनेनुसार इमारत प्रकल्पांना पूर्वमंजुरीची अट 20,000 चौरस मीटर बांधकामापासून लागू होते. पायवाटा, हिरवळ, मुलांची खेळणी आणि एखादी विश्रांतीची शेड असलेले गावाचे उद्यान त्या मर्यादेच्या जवळपासही जात नाही. जबाबदारी अर्थातच ग्रामपंचायतीवर, नगरपंचायतीवर किंवा पुढाकार घेणाऱ्या मंडळावर येते. पाहणीसाठी मोठा निधी लागत नाही, मात्र एक पूर्ण वर्ष लागते, आणि ते वर्ष देण्याची तयारी नसेल तर जागा बदलणे अधिक प्रामाणिक ठरेल.

कागदपत्रे आणि पूर्वीच्या नोंदी

प्रथम जागेचा गट क्रमांक, गाव नकाशा आणि सातबारा मिळवून हद्द निश्चित करावी. जमीन वन विभागाची किंवा खाजगी वन म्हणून नोंदलेली नाही ना, हे तलाठी कार्यालय आणि वनपरिक्षेत्र कार्यालय अशा दोन्ही ठिकाणी विचारावे, कारण एका दप्तरातील नोंद दुसऱ्यात असतेच असे नाही. पाहणीचे क्षेत्र मात्र उद्यानाच्या हद्दीपुरते ठेवू नये. सड्यावरचे पाणी ज्या दिशेने वाहत येते आणि ज्या घळीतून खाली उतरते, तेवढा भाग त्यात धरावाच लागतो.

त्यानंतर ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे जावे. जैवविविधता कायदा 2002 च्या कलम 41 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत ही समिती असते आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. नोंदवही वाचताना एक भान ठेवावे: बऱ्याच नोंदवह्या मुदतीच्या दबावाखाली घाईने पूर्ण झाल्या आहेत, त्यामुळे तिच्यात एखाद्या जातीचे नाव नसणे हा ती जात गावात नसल्याचा पुरावा मानता येत नाही. हीच गोष्ट आयनॅचरॅलिस्ट आणि ईबर्ड या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवरील नोंदींची. नकाशावर ठिपका नाही याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की तेथे पावसात कोणी गेलेले नाही. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण यांची पश्चिम विभागीय केंद्रे, तसेच जवळच्या महाविद्यालयाचा वनस्पतिशास्त्र विभाग यांना पत्र लिहून परिसरातील जुन्या नोंदी मागाव्यात.

या सगळ्यावरून येथे आढळू शकतील अशा जातींची एक संभाव्य यादी तयार होते. कोकणातील सड्यासाठी तिच्यात पहिल्या पावसानंतर पांढरी फुले धरणारी कोकण दिपकाडी, कंदीलपुष्पाच्या प्रदेशनिष्ठ (फक्त याच प्रदेशात आढळणाऱ्या) जाती, दगडांखालच्या ओलाव्यात राहणारे देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा, बेडकांच्या गटातला उभयचर) आणि खवले मांजर यांचा विचार झाला पाहिजे. रत्नागिरी जिल्ह्यातील डोर्ले येथील नमुन्यांवरून 1963 साली शास्त्राला माहीत झालेली, अंगावर पांढरे पट्टे असलेली जमिनीवरची पाल ही तर सड्यांवरचीच. जागा आंबोलीच्या परिसरात असेल तर 2009 मध्ये वर्णन झालेला आणि आययूसीएन (आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ) या संस्थेच्या लाल यादीत अतिसंकटग्रस्त ठरलेला आंबोली भेक (बेडकासारखा प्राणी) या यादीत सर्वांत वर असावा. तो पावसाच्या सुरुवातीच्या दिवसांत कातळावरच्या ओंजळभर पाण्याच्या डबक्यांत अंडी घालतो.

यादीपेक्षा नकाशा महत्त्वाचा

जातींची यादी हाती आली की काम झाले, असे वाटते. वस्तुतः उद्यानाच्या कामासाठी खरा उपयोग होतो तो अधिवासांच्या नकाशाचा. सडा दुरून एकसारखा दिसत असला, तरी त्यावर हातभर अंतरात राहण्याची परिस्थिती बदलते. उघडा कातळ, कातळातील भेगा आणि खाचा, आठ-पंधरा दिवसांत आटणारी उथळ डबकी, दिवाळीपर्यंत पाणी धरणारी खोल डबकी, बोटभर जाडीचा मातीचा थर, झऱ्याकाठची ओली पट्टी, सुटे पडलेले दगड आणि कडेची झुडपे, अशी ही वेगवेगळी घरे आहेत आणि प्रत्येकात राहणारे वेगळे आहेत. सीतेची आसवं आणि गेंद या छोट्या वनस्पतींना पातळ, पाणी साचलेली माती लागते; पालीला आणि देवगांडुळाला सुटा दगड लागतो; बेडकांच्या पिल्लांना डबके किमान काही आठवडे टिकावे लागते.

नकाशा करण्यासाठी उपग्रह छायाचित्र मोठ्या आकारात छापून घ्यावे, त्यावर दहा-दहा मीटरच्या चौकटी आखाव्यात आणि पावसाळ्यात प्रत्यक्ष चालत प्रत्येक चौकटीत वरीलपैकी काय काय आहे ते खुणेने भरावे. डबक्यांना क्रमांक द्यावेत, त्यांची लांबी, रुंदी आणि खोली मोजावी आणि पाणी कोणत्या तारखेला आटले ते लिहावे. सुट्या दगडांचे पट्टे विशेष काळजीने दाखवावेत, कारण मैदान साफ करण्याच्या पहिल्याच दिवशी हेच दगड उचलून गडग्यासाठी (दगडी कुंपणासाठी) वापरले जातात. याच फेऱ्यांत कातळशिल्पांकडेही लक्ष असू द्यावे. कोकणातील कातळशिल्पे 2022 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली आहेत, आणि मातीखाली दडलेली चित्रे अजूनही नव्याने सापडतात.

केव्हा जावे

एका भेटीत केलेली पाहणी सड्याच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी असते. मेअखेरीस एक फेरी कोरड्या कातळासाठी करावी. दगड, बिळे आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी तेव्हा नीट दिसतात. सर्वांत महत्त्वाची फेरी मात्र पहिल्या जोरदार पावसानंतरच्या दोन-तीन दिवसांतली, आणि तीही रात्रीची. बेडूक-भेकांच्या काही जातींचा विणीचा हंगाम अगदी थोड्या दिवसांत उरकतो, आणि तो चुकला तर पुढच्या जूनपर्यंत थांबावे लागते. दिपकाडी याच सुमारास शोधावी. ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत दर पंधरवड्याला जावे, कारण कंदीलपुष्प फुलावर नसताना गवतातून ओळखणे अनुभवी माणसालाही कठीण जाते आणि प्रत्येक जातीचा फुलोरा थोडा मागेपुढे असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आटत जाणारी डबकी आणि गवत पाहावे, तर थंडीत स्थलांतरित पक्ष्यांसाठी पहाटे आणि संध्याकाळी अशा एक-दोन फेऱ्या पुरतात.

गुरे घेऊन सड्यावर जाणारी माणसे, गवळी-धनगर वस्तीतील वडीलधारी मंडळी आणि पावसात रानभाज्या खुडणाऱ्या बायका यांना पाहणीत सुरुवातीपासून सामील करून घ्यावे. कोणते डबके शेवटी आटते, खवले मांजराने वारूळ कोठे उकरले आहे, कंद कोठे खणले जात आणि आता का मिळत नाहीत, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते. ते सांगतील ते त्यांच्या शब्दांत, स्थानिक नावांसह लिहून घ्यावे आणि शास्त्रीय नाव नंतर जुळवावे.

नोंद करण्याची पद्धत

वनस्पतींसाठी एक मीटर लांबी-रुंदीची चौकट पुरेशी असते. प्रत्येक प्रकारच्या अधिवासात निदान दहा ठिकाणी ती ठेवून आतील जाती आणि त्यांची संख्या लिहावी. चौकटीची जागा आधीच नकाशावर ठरवलेली असावी, नाहीतर डोळा नकळत फुलांच्याच ठिकाणी थांबतो. प्राण्यांसाठी शंभर मीटरच्या ठरावीक वाटेवरून संथपणे चालावे आणि दोन्ही बाजूंच्या दोन-दोन मीटरमध्ये जे दिसेल ते नोंदवावे. दगड उचलायचा झाला तर स्वतःकडे ओढून उचलावा, म्हणजे खाली साप असल्यास मध्ये दगडाची आड राहते, आणि पाहून झाल्यावर तो होता तसाच, त्याच खाचेत परत ठेवावा. दगड तिरका राहिला तर खालचा ओलावा जातो आणि ते घर मोडते.

प्रत्येक नोंदीसोबत तारीख, वेळ, मोबाईलवरील अक्षांश-रेखांश, पाऊस होता की नाही आणि किमान दोन छायाचित्रे असावीत. काहीच न दिसलेल्या फेरीचीही नोंद ठेवावी, कारण किती शोध घेतल्यावर दिसले नाही, हे नंतर सांगता आले पाहिजे. रोप उपटणे, प्राणी पकडणे किंवा नमुना घरी आणणे टाळावे. अनुसूचीतील प्राण्याला हात लावण्यासाठीही वन्यजीव संरक्षण कायद्याखाली परवानगी लागते. एका डबक्यातून दुसऱ्या गावच्या डबक्याकडे जाण्यापूर्वी बूट धुवून वाळवावेत, कारण बेडकांचे रोग चिखलातून पसरतात. दुर्मीळ वनस्पतीचे किंवा खवले मांजराच्या बिळाचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू नये. खवले मांजराची शिकार खवल्यांसाठी होते, आणि तस्करांना वाट दाखवणारी पाहणी न केलेली बरी.

जे सापडले त्याचा अर्थ

ओळख पटलेल्या प्रत्येक जातीसमोर तीन गोष्टी लिहाव्यात: आययूसीएनच्या लाल यादीतील वर्ग, वन्यजीव संरक्षण कायद्याची अनुसूची आणि जगातील तिचा एकूण आढळ. अनुसूची पाहताना 2022 ची दुरुस्ती वापरावी. ती 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे आणि पूर्वीच्या सहा अनुसूचींच्या जागी आता चार आहेत, तरी जुन्या याद्या अजून सर्रास फिरतात. लाल यादीत ‘माहिती अपुरी’ असा शेरा असलेली किंवा मूल्यांकनच न झालेली जात सुरक्षित समजू नये. सड्यावरील कित्येक जाती अशाच वर्गात आहेत, आणि माझ्या मते ज्या जातीचा सगळा आढळ दोन-तीन जिल्ह्यांत सामावतो तिला वर्ग कोणताही असो, संकटग्रस्तच धरून आराखडा करावा.

यानंतर नकाशावर तीन रंग भरावेत. संकटग्रस्त किंवा प्रदेशनिष्ठ जात प्रत्यक्ष सापडलेली जागा, तिच्यासारखाच अधिवास असलेली पण जात न सापडलेली जागा, आणि आधीच बिघडलेली जागा, म्हणजे जुनी चिरेखाण, मातीचा भराव, रस्त्याची कड. पहिल्या रंगाला हात लावायचा नाही. दुसऱ्याबाबत निर्णय आणखी एका पावसाळ्यानंतर घ्यावा. बांधकाम जे काही असेल ते तिसऱ्या रंगात बसवावे, आणि बसत नसेल तर उद्यान गावाजवळच्या दुसऱ्या जागेत न्यावे. जुन्या चिरेखाणीही एकदा पावसात पाहून घ्याव्यात. साचलेल्या पाण्यात बेडकांनी बस्तान बसवलेले असू शकते.

आराखडा तपासताना

सड्याचे नुकसान बहुतेक वेळा सुधारणा म्हणून केलेल्या गोष्टींनी होते, म्हणून आराखड्यातील चांगल्या दिसणाऱ्या बाबींकडेच अधिक बारकाईने पाहावे. लाल मातीचा भराव टाकला की डबकी आणि पातळ मातीच्या जागा त्याच दिवशी संपतात. हिरवळीला दिलेले खत पाण्याबरोबर खाली उतरते. दवबिंदू आणि सीतेची आसवं या वनस्पती कीटक खाऊन नत्राची गरज भागवतात आणि म्हणूनच निकस जागी तग धरतात, पण जमीन सकस झाली की उंच गवत त्यांना झाकून टाकते. ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुबाभूळ किंवा गिरिपुष्प लावून हा कातळ हिरवा करण्याचा मोह तर ठामपणे टाळावा. उघड्या उन्हात वाढणाऱ्या जातींना झाडाची सावलीच मारक ठरते. रात्रभर जळणारे दिवे, पाण्याचा प्रवाह अडवणारी काँक्रीटची पायवाट आणि गुरांना रोखणारे कुंपण यांचाही स्वतंत्र विचार व्हावा. चराई पूर्ण थांबल्यास गवत माजू शकते, त्यामुळे कुंपणाचा निर्णय गुराख्यांशी बोलल्याशिवाय घेऊ नये. दुर्मीळ रोपे दुसरीकडे हलवण्याचा प्रस्ताव ठेकेदाराकडून हमखास येतो. तो स्वीकारू नये, कारण कंद हलवता येतो, पण त्याच्या भोवतीचे पाणी, माती आणि परागण करणारे कीटक हलवता येत नाहीत.

अहवाल मराठीत, नकाशासह आणि नावांच्या स्थानिक रूपांसह लिहून ग्रामसभेत वाचावा, त्यातील नोंदी जैवविविधता नोंदवहीत समाविष्ट करून घ्याव्यात, आणि निषिद्ध जागांचा नकाशा निविदेच्या अटींना जोडावा. काम सुरू होण्यापूर्वी त्या जागांभोवती दोरी व फलक लावावेत आणि जेसीबीच्या चालकाला त्या प्रत्यक्ष दाखवाव्यात, कारण अहवाल वाचणारा माणूस आणि यंत्र चालवणारा माणूस सहसा एक नसतो. उद्यान झाल्यावर पुढील तीन पावसाळे त्याच चौकटी, त्याच वाटा आणि त्याच क्रमांकांची डबकी पुन्हा मोजावीत, आणि एखाद्या डबक्याचे पाणी पूर्वीपेक्षा लवकर आटू लागले किंवा चौकटीतील एखादी जात कमी झाली, तर जवळची पायवाट त्याच वर्षी हलवण्याची तरतूद आधीच अंदाजपत्रकात ठेवावी.