४७० शिकणाऱ्या जोडीनं या चुका टाळाव्यात

४७० म्हणजे दोघांनी चालवायची छोटी शिडाची बोट. लांबी ४.७० मीटर, म्हणून नाव ४७०. १९७६ पासून ही बोट ऑलिंपिकमध्ये आहे, आणि २०२४ च्या पॅरिसपासून एक पुरुष, एक स्त्री अशा मिश्र जोडीसाठी. मुंबई बंदरात सराव करणाऱ्या जोड्या शिडांच्या दोऱ्यांवर तासभर वाद घालतात, पण कोणी कुठे बघायचं हे ठरवतच नाहीत.

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दोघांचीही नजर जिबवर, म्हणजे पुढच्या शिडावर. सुकाणूवाल्यानं तिथे बघायलाच हवं. ट्रॅपीझवर, म्हणजे डोलकाठीच्या तारेला लटकून बोटीच्या कडेवर उभ्या असलेल्या क्रूला (दुसऱ्या जोडीदाराला) मात्र लांबचं दिसतं, त्यानं पाणी वाचावं. पाण्यावर काळसर पट्टा सरकत येताना दिसला की तो वाऱ्याचा झोत. 'झोत! तीन, दोन, एक' असं मोजून सांगा, म्हणजे मेनशीट (मोठ्या शिडाची दोरी) वेळेत सैल होते. नुसतं 'बघ, बघ' ओरडून काय कळणार? जोडी बदलली की हे शब्द पुन्हा ठरवा. फारोख तारापोर १९८४, १९८८ आणि १९९२ अशा तीन ऑलिंपिकमध्ये ४७० चालवायला उतरले, प्रत्येक वेळी क्रू नवा होता.

बोट सारखी वाऱ्याकडे वळतेय? सुकाणू ओढत बसू नका, त्यानं वेग मरतो. आधी कललेली बोट सपाट करा.

भरती-ओहोटी न बघता निघणं ही दुसरी मोठी चूक. कोळ्यांचा हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. म्हणजे उधाणाच्या दिवशी दुपारच्या शर्यतीला नेमकी जोरदार ओहोटी. समुद्रावरचा वारा आत येतो, पाणी बाहेर जातं. लाटा आखूड आणि उभ्या होतात. स्टार्ट लाइनवर पाणीच बोटीला पुढे ढकलतं आणि सिग्नलआधीच लाइन ओलांडली जाते. नांगरलेल्या बोयाजवळ (तरंगत्या खुणेजवळ) मिनिटभर थांबून पाण्याची ओढ बघा, आणि तेवढं मागे राहा.

स्पिनेकर (फुग्यासारखं मोठं शीड) वर असताना उलटलात तर हॅलियार्ड, म्हणजे शीड वर चढवायची दोरी, सोडून तो खाली घ्या, मगच बोट उभी करा. डोलकाठी गाळात रुतली असेल तर सेंटरबोर्डवर (बोटीच्या तळातून पाण्यात जाणाऱ्या फळीवर) उड्या मारू नका, काठी वाकते. सेफ्टी बोट बोलवा.

परतल्यावर सगळं गोड्या पाण्यानं धुवा. ट्रॅपीझच्या तारेवरून कापसाचा बोळा फिरवा. एका जागी जरी कापूस अडकला तरी तार बदला.